डॉक्स शिळे झाले तरी काहीच मोडत नाही

जुळे सोलापुरात राहणारी, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची एखादी मुलगी संध्याकाळी लॅपटॉप उघडते. त्यावर उबुंटू २४.०४ नवंकोरं टाकलेलं, पायथनची पॅकेजं बसवणारं पिपही घातलेलं. एका ओपन सोर्स प्रकल्पाच्या रीडमीत, म्हणजे ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये, पहिलीच पायरी आहे 'पिप इन्स्टॉल'ची. ती ओळ जशीच्या तशी टर्मिनलवर चिकटवते आणि समोर एरर येते, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट'. तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. खरं तर २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने थेट पॅकेज टाकायला आडकाठी आहे, आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करावं लागतं. रीडमी लिहिला तेव्हा ती ओळ खरी होती. तेव्हापासून प्रकल्पात एकही कमिट, म्हणजे बदलाची नोंद, झालं नसेल, तरी ती आता खोटी आहे. प्रकल्पाची अशी लेखी माहिती म्हणजे डॉक्स, आणि ते असे शिळे होतात.

अशी उदाहरणं पैशाला पासरी. १ ऑक्टोबर २०२० पासून गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, नव्या रेपोची (प्रकल्पाच्या कोडसाठ्याची) मुख्य शाखा 'मास्टर'ऐवजी 'मेन' झाली. १३ ऑगस्ट २०२१ पासून तिथे गिटच्या (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) कामाला खात्याचा पासवर्ड चालेनासा झाला. टोकन किंवा एसएसएच की लागते. कंटेनर (प्रोग्रॅमसाठी वेगळी, बंदिस्त जागा) चालवणाऱ्या, मध्ये जोडरेघ असलेल्या जुन्या 'डॉकर-कंपोज'ला जुलै २०२३ पासून अपडेट मिळणं बंद झालं, आता ते दोन सुटे शब्द लिहायचे. २०२१ मध्ये कितीतरी प्रकल्पांच्या गप्पा फ्रीनोड या चॅट नेटवर्कवरून लिबेरा चॅटवर गेल्या, पण 'मदत हवी असल्यास' या मथळ्याखाली पत्ता फ्रीनोडचाच. कोडला हात न लावता चार पानं बाद. आपल्याकडची कडक भाकरी महिनाभर सहज टिकते. इन्स्टॉलेशनच्या पानाचा तेवढाही भरवसा नाही.

गिटहबच्या २०१७ च्या ओपन सोर्स सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुरे किंवा जुने पडलेले डॉक्स ही अडचण येते असं सांगितलं होतं. त्याच सर्वेक्षणात ६० टक्के योगदानकर्ते डॉक्समध्ये क्वचित किंवा कधीच हात घालत नाहीत असंही निघालं. यावरून प्रोग्रॅमर आळशी असतात म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. कोड चुकला की टेस्ट पडते, बिल्ड थांबतं, कोणाला तरी मेल जातो. डॉक्स चुकले की काहीच होत नाही, सीआयची, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेची, हिरवी खूण हिरवीच राहते. ज्याच्या चुकीचा आवाज होत नाही ते शिळं होणारच, माणूस कितीही कष्टाळू असो.

पुठ्ठ्याच्या जेकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) सोलापुरी चादर कशी निघते ते आठवा. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर घर-घर भरून काढतात. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेकीला एक पट्टी. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. पट्टी कधी जुनी पडत नाही, कारण चादर तिच्याच हुकमाने विणली जाते, भोक चुकलं तर चादरीवर दिसतं. कागदाचं तसं नाही. नक्षीतली चूक घाईत पट्टीवरच दुरुस्त केली आणि कागद तसाच ठेवला, तर पट्ट्या झिजल्यावर त्या कागदावरून पाडलेल्या नव्या संचात तीच चूक परत येते. डॉक्सची सगळी गोम इथे आहे: यातलं किती पट्टीसारखं चालवता येईल, आणि जे कागदासारखं नुसतं पाहायचं आहे ते किती कमी ठेवता येईल.

आधी कापा

कमी करण्यापासून सुरुवात करा, कारण ते फुकट आहे. एखाद्या सर्व्हरचा डीफॉल्ट पोर्ट ८०८० आहे. हा आकडा रीडमीत असतो, डॉक्स फोल्डरमधल्या तीन पानांवर असतो, डॉकरफाइलमध्ये, उदाहरणादाखल दिलेल्या कॉन्फिग फाइलमध्ये आणि विकीवरही असतो. पोर्ट बदलणारा माणूस यातल्या दोन जागा बदलतो, कारण त्याला दोनच माहीत असतात. 'गिट ग्रेप'ने ८०८० शोधा आणि किती ठिकाणी निघतो ते मोजा. एक जागा मालकाची ठरवा, बाकी सगळीकडून आकडा काढून त्या जागेची लिंक द्या.

या शोधात विकी सापडत नाही, हे लक्षात घ्या. गिटहबची विकी ही वेगळी गिट रेपो असते. तिच्यावर पुल रिक्वेस्ट (बदल तपासून घ्यायची विनंती) काढता येत नाही, त्यामुळे कोडचा बदल आणि विकीचा बदल एकत्र तपासता येत नाही, आणि मुख्य रेपोच्या टॅगबरोबर (आवृत्तीच्या खुणेबरोबर) ती गोठतही नाही. प्रकल्प चार माणसांपेक्षा मोठा झाला असेल तर विकीतलं कामाचं तेवढं डॉक्स फोल्डरमध्ये आणा आणि विकी सेटिंगमधून बंद करून टाका. अर्धी चालू विकी सगळ्यांत वाईट.

स्क्रीनशॉटलाही हाच न्याय. बटणाचं नाव बदललं की चित्रातलं नाव कुठल्याच शोधात येत नाही. 'सेटिंग, मग नेटवर्क, मग प्रॉक्सी' एवढं शब्दांत लिहिलं तर ते ग्रेपला सापडतं, अनुवाद करता येतं आणि मोबाइल डेटावर लगेच उघडतं. चित्र तिथेच ठेवा जिथे शब्द खरंच पुरत नाहीत.

उदाहरणं चालवून बघा

उदाहरण म्हणून दिलेला कोड हा डॉक्समधला सर्वांत जास्त कॉपी होणारा आणि सर्वांत कमी तपासला जाणारा भाग. याची सोय बहुतेक भाषांमध्ये आधीच आहे, वापरत कोणी नाही.

पायथनमध्ये डॉकटेस्ट हे मॉड्यूल भाषेसोबतच येतं. तीन '>' चिन्हांनी सुरू होणाऱ्या ओळी ते चालवतं आणि खाली लिहिलेलं उत्तर खरंच तेच येतं का ते बघतं. फक्त डॉकस्ट्रिंगच (कोडमधलं वर्णन) नाही, रीडमीची मार्कडाउन (साध्या खुणांनी सजवलेल्या मजकुराची) फाइलही त्याला थेट देता येते. पण मार्कडाउनमध्ये एक खोडी आहे. कोडचा तुकडा बंद करणाऱ्या तीन उलट्या अवतरणचिन्हांची ओळ डॉकटेस्टला अपेक्षित उत्तराचाच भाग वाटते, आणि बरोबर असलेलं उदाहरणही पडतं. उत्तर आणि ती ओळ यांच्यामध्ये एक कोरी ओळ सोडा, काम होतं. दुसरी नेहमीची पडझड म्हणजे दर वेळी बदलणारं उत्तर: मेमरीतला पत्ता, आजची तारीख, सेटमधल्या घटकांचा क्रम. सेट असेल तर आधी 'सॉर्टेड'मधून काढा. पत्ता किंवा तारीख असेल तर 'एलिप्सिस' पर्याय चालू करून तिथे तीन टिंबं ठेवा. मात्र टिंबं हात राखून वापरा; जवळजवळ सगळ्या उत्तराच्या जागी टिंबं ठेवली की उदाहरण फारसं काही तपासत नाही आणि खूण मात्र हिरवी येते.

रस्टमध्ये 'कार्गो टेस्ट' म्हटलं की तीन तिरप्या रेघांच्या कॉमेंटमधली उदाहरणं आपोआप कंपाइल होऊन चालतात. नेटवर्क किंवा फाइल लागणाऱ्या उदाहरणावर लोक 'इग्नोर' लिहून टाकतात, तिथे 'नो-रन' लिहा. 'नो-रन'ने कोड चालत नाही पण कंपाइल होतो, त्यामुळे फंक्शनचं नाव बदललं की आवाज होतो. हे सगळं लायब्ररीसाठीच आहे. फक्त चालवायचा प्रोग्रॅम असलेल्या क्रेटमधल्या (रस्टच्या पॅकेजमधल्या) अशा टेस्ट कार्गो चालवत नाही. गोमध्ये 'एक्झाम्पल'ने सुरू होणारं फंक्शन टेस्टच्या फाइलमध्ये लिहायचं. शेवटी 'आउटपुट' अशी कॉमेंट असेल तर ते चालवून ताडलं जातं, कॉमेंट नसेल तर नुसतं कंपाइल होतं. ही कॉमेंट विसरणं ही गोमधली ठरलेली चूक.

मोठ्या उदाहरणाला ही तऱ्हा पुरत नाही. त्यासाठी उदाहरण खऱ्या फाइलमध्ये ठेवा, ती फाइल इतर टेस्टबरोबर चालवा आणि डॉक्समध्ये तिचा तुकडा ओढून घ्या. स्फिंक्समध्ये (डॉक्सची पानं बनवणाऱ्या साधनात) यासाठी 'लिटरलइन्क्लूड' आहे. तुकडा ओळींच्या क्रमांकाने कधीही निवडू नका. वर एक इम्पोर्ट वाढला की दहा ते वीस ओळींचा तुकडा अकरा ते एकवीस होतो, डॉक्समध्ये फंक्शनची शेवटची ओळ उडते आणि स्फिंक्स चकार शब्द काढत नाही. फाइलमध्ये कॉमेंट लिहून सुरुवातीची आणि शेवटची खूण ठेवा आणि 'स्टार्ट-आफ्टर', 'एंड-बिफोर' वापरा. खूण सापडली नाही तर स्फिंक्स इशारा देतो. हे इशारे बिल्ड पाडतील अशी सोय 'डब्ल्यू' या मोठ्या अक्षराच्या फ्लॅगने (आदेशाला जोडायच्या पर्यायाने) होते. जुन्या प्रकल्पात तो पहिल्यांदा लावला की इशाऱ्यांचा ढीग पडतो. घाबरून फ्लॅग काढू नका. एक शनिवार देऊन ढीग उपसा, मग कायमचा लावा.

आता इन्स्टॉलेशन, जिथून त्या मुलीची अडचण सुरू झाली. पानावरचे आदेश एका शेल स्क्रिप्टमध्ये ठेवा, पानात ती स्क्रिप्टच ओढून घ्या, आणि तीच स्क्रिप्ट दर आठवड्याला कोऱ्या कंटेनरमध्ये चालवा. कोरा हा शब्द महत्त्वाचा. तुमच्या मशीनवर गिट, मेक, सी कंपायलर आधीपासून आहे, म्हणून पानावर त्यांचा उल्लेख राहून जातो. उबुंटूच्या डॉकर इमेजमध्ये कर्लसुद्धा नसतो, त्यामुळे राहून गेलेलं प्रत्येक पॅकेज पहिल्या पाच मिनिटांत पुढे येतं. इमेजचा टॅग 'लेटेस्ट' ठेवला तर नवं एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारं) उबुंटू आल्यावर कळतं. ठरावीक आवृत्तीचा ठेवला तर जुन्यावर चालतं याची खात्री राहते. दोन्ही चालवा, वेळ फारसा जात नाही.

गिटहब अ‍ॅक्शन्सवर (गिटहबच्याच सीआयवर) हे वेळापत्रकाने चालवणार असाल तर दोन गोष्टी. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) धरली जाते, आपली वेळ साडेपाच तास पुढे. आणि सार्वजनिक रेपोत ६० दिवस काहीच हालचाल झाली नाही तर गिटहब वेळापत्रकावरची कामं आपोआप बंद करतं. म्हणजे प्रकल्प निवांत असताना, जेव्हा बाहेरचं जग बदलून पान शिळं होण्याचा धोका जास्त, नेमका तेव्हाच पहारेकरी झोपतो. शांत प्रकल्पाच्या मेंटेनरने (सांभाळणाऱ्याने) महिन्यातून एकदा स्वतः बटण दाबून ते काम चालवावं. त्यासाठी वर्कफ्लोमध्ये हाताने चालवण्याचा पर्यायही लिहून ठेवावा लागतो, नाहीतर बटणच दिसत नाही.

कोडमधून निघणारी पानं

कमांड लाइनचे पर्याय, कॉन्फिगमधल्या किल्ल्या, एरर कोड यांचे तक्ते हाताने लिहू नयेत. पर्यायाचं वर्णन कोडमध्ये 'हेल्प'साठी आधीच लिहिलेलं असतं, तेच पानावर आणा. सोपी रीत अशी: 'हेल्प'चं आउटपुट एका फाइलमध्ये काढणारी स्क्रिप्ट लिहा, ती फाइल रेपोत कमिट करा, आणि सीआयमध्ये स्क्रिप्ट परत चालवून 'गिट डिफ'ला 'एक्झिट-कोड' पर्याय लावा. फाइल बदलली असेल तर गिट १ परत करतं आणि बिल्ड पडतं. ज्याने फ्लॅग बदलला त्यालाच, त्याच पुल रिक्वेस्टमध्ये, दहा मिनिटांत कळतं.

हे लावलं की पहिल्याच आठवड्यात विनाकारण पडझड होते आणि कोणीतरी वैतागून तपासणी काढून टाकतो. कारणं साधी आहेत. पायथनचा आर्गपार्स (कमांड लाइनचे पर्याय वाचणारा) टर्मिनलच्या रुंदीप्रमाणे ओळी मोडतो. तुमची खिडकी १४० अक्षरांची, सीआयची ८० ची. 'कॉलम्स' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल स्क्रिप्टमध्येच ८० करून टाका. दुसरं, पायथन ३.१० मध्ये आर्गपार्सने 'ऑप्शनल आर्ग्युमेंट्स' हा मथळा बदलून नुसता 'ऑप्शन्स' केला. दोघांकडे दोन पायथन असतील तर फाइल रोज इकडून तिकडे उड्या मारते. ही फाइल कोणत्या आवृत्तीवर काढायची ते एकदा ठरवा. आणि फाइलच्या डोक्यावर 'ही हाताने बदलू नका, अमुक स्क्रिप्ट चालवा' असं लिहा. पट्टीवर भोक बुजवून कागद तसाच ठेवणारा माणूस इथेही भेटतोच.

कोडमधून काढलेलं पान खरं असतं. उपयोगी असेलच असं नाही. 'टाइमआउट: टाइमआउटची किंमत' हे वर्णन कधीच शिळं होत नाही कारण त्यात काही सांगितलेलंच नाही. सेकंद की मिलिसेकंद, ० दिलं तर काय, कमाल किती, हे तिथे हवं. डानिएले प्रोचिदा यांच्या डायाटॅक्सिस मांडणीत डॉक्सचे चार भाग पाडले आहेत: शिकवणी, कृती, संदर्भ आणि उकल. ताजेपणाच्या नजरेने या चौघांचं वय वेगवेगळं आहे. संदर्भ कोडमधून निघतो, शिकवणी आणि कृती चालवून बघता येतात, आणि उकल, म्हणजे असं का केलं ते, सर्वांत सावकाश जुनी होते. तीच हाताने लिहा, तिच्यावरच डोकं खर्च करा.

लिंका

स्फिंक्सचा 'लिंकचेक' बिल्डर किंवा मार्कडाउनसाठी लिची, लिंका तपासायला दोन्ही चांगले. मात्र बाहेरच्या लिंकांची तपासणी पुल रिक्वेस्टवर लावू नका. कोणाचा तरी सर्व्हर आज बंद आहे म्हणून स्पेलिंग सुधारणाऱ्या नव्या मुलाची खूण लाल व्हावी, हा अन्याय आहे. पुल रिक्वेस्टवर फक्त आतल्या लिंका तपासा, बाहेरच्या आठवड्याला. सर्व्हरच्या उत्तरात ४२९ आलं तर तुम्ही फार भराभर विचारताय एवढाच अर्थ. ४०३ आलं तर बहुतेक वेळा समोरच्याने रोबो ओळखून हाकललेला असतो. ४०४ आलं तर पान खरंच नाही. ३०१ आलं तर लिंक चालते, पण नवा पत्ता लिहून टाका, कारण पुढे पाठवणं कायम चालेल असं नाही. गिटहबवरच्या कोडच्या ओळीची लिंक देताना आधी 'वाय' ही की दाबा. पत्त्यात शाखेच्या नावाऐवजी कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) येतो आणि ओळ हलत नाही.

पुल रिक्वेस्टमध्ये काय विचारायचं

'डॉक्स अपडेट केले का?' असा चौकोन टेम्प्लेटमध्ये असतो आणि लोक डोळे झाकून खूण करतात. प्रश्न बदला: 'या बदलामुळे डॉक्समधलं कोणतं वाक्य आता खोटं झालं?' याला 'हो' असं उत्तर देता येत नाही, शोधावं लागतं. शोधायचं कसं तेही टेम्प्लेटमध्ये एका ओळीत सांगा: फ्लॅगचं, फंक्शनचं किंवा फाइलचं जुनं नाव अख्ख्या रेपोत ग्रेप करा. डॉक्स फोल्डरपुरतं नाही. उदाहरणांत, इश्यूच्या (तक्रार-नोंदीच्या) टेम्प्लेटमध्ये, शेलच्या कंप्लीशन फाइलमध्ये, पॅकेजच्या वर्णनात आणि एररच्या मजकुरातही जुनं नाव दडलेलं असतं. 'अमुक फ्लॅग वापरा' असं सांगणारी एरर आणि तो फ्लॅगच काढून टाकलेला, ही जोडी बऱ्याच प्रकल्पांत सापडेल.

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये नव्या सुविधेच्या पॅचसोबत टेस्ट आणि डॉक्स दोन्ही मागतात, त्याशिवाय पॅच पूर्ण धरत नाहीत. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसमध्ये प्रत्येक रिलीजच्या वेळापत्रकात डॉक्सची जागा धरून ठेवणारी पुल रिक्वेस्ट काढायची वेगळी मुदत असते. लहान प्रकल्पाला एवढा पसारा नको. कोडओनर्स फाइलमध्ये (कोणता भाग कोणी तपासायचा ते सांगणाऱ्या) डॉक्स फोल्डरसमोर एका माणसाचं नाव पुरे. फक्त त्या फाइलमध्ये शेवटची जुळणारी ओळ लागू होते हे विसरू नका. डॉक्सची ओळ वर आणि 'सगळं काही'ची ओळ खाली असेल तर डॉक्सवाल्याला कधीच बोलावणं जात नाही. त्या माणसाला रेपोत लिहिण्याचा हक्कही असावा लागतो, नाहीतर ओळ मुकाट दुर्लक्षित होते.

बदलांची नोंद रिलीजच्या आदल्या रात्री लिहायला बसू नका. तेव्हा लक्षात असलेलंच लिहिलं जातं. पिप आणि पायटेस्ट हे प्रकल्प टाउनक्रायर वापरतात: प्रत्येक पुल रिक्वेस्टसोबत एका फोल्डरमध्ये एक छोटी फाइल, एक-दोन वाक्यांची, नावात इश्यूचा क्रमांक. रिलीजला त्या सगळ्या जोडून नोंद तयार होते. एकाच चेंजलॉग फाइलच्या डोक्यावर सगळ्यांनी लिहिलं की मर्ज करताना जी मारामारी होते तीही यात टळते.

कोणत्या आवृत्तीचं पान?

पान खरं आहे पण वाचणाऱ्याच्या आवृत्तीसाठी नाही, हाही शिळेपणाच, उलट्या दिशेचा. डॉक्स मुख्य शाखेतून बनतात, त्यात अजून रिलीज न झालेला पर्याय असतो. वाचणाऱ्याने पॅकेज डेबियनमधून घेतलेलं असतं, ते दोन वर्षं मागे. रीड द डॉक्सवर (डॉक्स प्रकाशित करणाऱ्या साइटवर) 'लेटेस्ट' म्हणजे मुख्य शाखा आणि 'स्टेबल' म्हणजे सर्वांत वरचा रिलीज टॅग. नव्या माणसाला नेणारी प्रत्येक लिंक, रीडमीतलीसुद्धा, 'स्टेबल'कडे वळवा. याचा तोटा असा की मुख्य शाखेत सुधारलेली चूक पुढच्या रिलीजपर्यंत 'स्टेबल'वर दिसत नाही. म्हणून रिलीजची शाखा ठेवून डॉक्सच्या दुरुस्त्या तिथेही आणाव्या लागतात. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसची पद्धत बघण्यासारखी आहे: प्रत्येक पानाच्या माथ्यावर तेच पान इतर आवृत्त्यांत उघडायची सोय, आणि आधार संपलेल्या आवृत्तीच्या पानावर तशी ठळक सूचना.

'आवृत्ती २.३ पासून' अशा खुणा पर्यायांसमोर जरूर टाका. त्या कायम मात्र ठेवू नका. १.४ चा आधार संपल्यावर '१.४ पासून' ही खूण नुसती अडगळ. जँगो अशा खुणा जुनी आवृत्ती बाद झाली की काढून टाकतं.

मराठीत आणताना

एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकू येणाऱ्या शहराला अनुवादाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण अनुवाद म्हणजे शिळं होऊ शकणारी आणखी एक प्रत, हे मान्य करूनच त्यात पडावं.

गेटटेक्स्ट या अनुवादाच्या साधनाची पद्धत इथे फार शहाणी आहे. मूळ इंग्रजी वाक्य बदललं की जुना मराठी अनुवाद फेकला जात नाही. नव्या वाक्याशी मिळताजुळता असेल तर त्याच्यावर 'फझी' अशी खूण लागते. अंतिम फाइल बनवताना गेटटेक्स्टचा एमएसजीएफएमटी हा आदेश फझी वाक्यं वगळतो आणि वाचकाला तिथे इंग्रजी दिसतं. स्फिंक्सही फझी अनुवाद आपणहून वापरत नाही. लोकांना हे खटकतं, मध्येच इंग्रजी आलं म्हणून. मला ते बरोबर वाटतं. जुन्या मराठी वाक्याने चुकीचा आदेश द्यावा त्यापेक्षा खरं इंग्रजी बरं. धोका असतो तो फझी खूण एका झटक्यात काढून टाकणाऱ्याचा. इंग्रजीत 'चालू करा'चं 'बंद करा' झालं तरी दोन वाक्यं दिसायला इतकी सारखी असतात की यंत्राला जुना अनुवाद जवळचाच वाटतो. प्रत्येक फझी वाक्य मूळ वाचूनच मोकळं करा.

स्फिंक्समध्ये अख्खा परिच्छेद हा एक संदेश असतो. इंग्रजीत एक स्वल्पविराम हलला की आठ ओळींचा परिच्छेद फझी होतो, सगळ्या भाषांमध्ये. म्हणून मूळ परिच्छेद छोटे लिहा आणि इंग्रजीची साफसफाई अनुवाद सुरू होण्याआधी उरकून घ्या. मार्कडाउनची पानंच्या पानं वेगळ्या फोल्डरमध्ये अनुवादित करत असाल तर फझीसारखं काहीच नसतं. तिथे प्रत्येक मराठी पानाच्या डोक्यावर मूळ पानाचा कमिट हॅश लिहून ठेवा. पुढे त्या हॅशपासून आजपर्यंतचा गिट डिफ काढला की नेमकं काय बदललं ते दिसतं. कुबरनेटिसच्या वेबसाइटच्या रेपोत यासारखं काम करणारी एक तयार स्क्रिप्टच आहे.

आणि सगळं मराठीत आणायचा हट्ट नको. इन्स्टॉलेशन, पहिली शिकवणी, नेहमीच्या एरर, एवढं आणा. संदर्भाचे तक्ते इंग्रजीतच राहू द्या, ते दर रिलीजला बदलतात. पर्यायांची नावं, फाइलची नावं, एररचा मजकूर कधीही भाषांतरित करू नका. वाचणारा ते टर्मिनलवर टाइप करणार आहे किंवा शोधणार आहे.

जुनं पान ओळखायचं कसं

प्रत्येक फाइलची शेवटच्या कमिटची तारीख गिटकडून काढता येते, पण तिच्यावर विसंबू नका. कोणीतरी सगळ्या फाइलींमधल्या मोकळ्या जागा एकदम सारख्या केल्या की सगळीच पानं कालची दिसतात. उलट, अल्गोरिदम समजावणारं सहा वर्षांचं पान अगदी खरं असू शकतं. पान आणि ते ज्या कोडबद्दल बोलतं तो कोड, या दोघांच्या तारखांमधलं अंतर बघा. कोड पंधरा वेळा बदलला आणि पान एकदाही नाही, असं पान आधी उघडा.

यापेक्षाही चांगला माग इश्यूमध्ये असतो. एकच प्रश्न दोन अनोळखी माणसांनी विचारला तर तो प्रश्न राहत नाही, डॉक्समधला बग होतो. उत्तर इश्यूमध्ये लिहून बंद करू नका. उत्तर पानात लिहा आणि इश्यूत त्या पानाची लिंक द्या.

पान काढून टाकायचं ठरलं तर पत्ता मारू नका. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट ठेवा, कारण त्या पत्त्याच्या लिंका लोकांच्या नोट्समध्ये आणि दुसऱ्या प्रकल्पांच्या रीडमीत पसरलेल्या असतात.

कॉलेजच्या मुलांसाठी

ओपन सोर्समध्ये पहिलं पाऊल म्हणून रीडमीतलं एखादं विशेषण बदलून पुल रिक्वेस्ट पाठवायची टूम आहे. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (दर ऑक्टोबरमधल्या ओपन सोर्स मोहिमेत) अशा पुल रिक्वेस्टींचा इतका रतीब झाला की आयोजकांना त्याच ऑक्टोबरमध्ये नियम बदलून फक्त मेंटेनरने स्वतः होकार दिलेल्या रेपो आणि पुल रिक्वेस्टच धराव्या लागल्या. मेंटेनरला विशेषण नको असतं. त्याला नवी नजर हवी असते, आणि ती त्याच्याकडे कधीच परत येणार नसते.

चार जणांनी मिळून एक प्रकल्प निवडा. एकाकडे विंडोज आणि डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय), दुसऱ्याकडे उबुंटू, तिसऱ्याकडे फेडोरा, चौथ्याकडे ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप. तो चौथा सगळ्यांत मोलाचा, कारण 'बिल्ड करा' या दोन शब्दांमागे ६ जीबी मेमरी लागते हे पानावर लिहायचं कोणाला सुचलेलं नसतं. पानावर जे लिहिलंय तेवढंच करा, डोक्यातलं ज्ञान वापरू नका, मित्राला विचारू नका. अडलात की तिथेच थांबून लिहा: पानाचा पत्ता आणि आवृत्ती, कितवी पायरी, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिचा क्रमांक, टाइप केलेला आदेश, आलेली एरर मजकूर म्हणून, फोटो म्हणून नव्हे. मग तोडगा शोधा, आणि तो मशीनवर नव्याने, पहिल्या पायरीपासून चालवून बघा. अर्ध्या झालेल्या इन्स्टॉलेशनवर चालणारा तोडगा कोऱ्या मशीनवर हमखास पडतो.

पुल रिक्वेस्टमध्ये एकच दुरुस्ती ठेवा. वर्णनात आधीचं वाक्य का खोटं आहे ते एका ओळीत, कशावर तपासलं ते दुसऱ्या ओळीत. ओळी नव्याने मोडू नका, शेजारच्या परिच्छेदाची भाषा सुधारू नका. डिफ तीन ओळींचा असेल तर चहा संपायच्या आत वाचून होतो, तीनशे ओळींचा असेल तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथेच पडून राहतो.